काचेच्या सुताचा दात

सकाळी हे चहाचा कप तोंडाला लावायचे आणि मी स्टोव्हपाशी बसून त्यांच्या वरच्या ओठाकडे पाहत राहायची. ओठ जरा वर गेला की दात दिसायचा. आहे, म्हणजे आहे. मग कुठे मी माझा कप उचलायची.

"काय पाहून राहिली वं?" हे विचारायचे.

"काही नाही जी," मी म्हणायची. मी काय पाहते ते त्यांना माहीत असायचं आणि त्यांना माहीत आहे हे मला. पण तो विषय कोणी काढायचा नाही, असं न ठरवताच ठरून गेलं होतं. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट आहे. एका माणसाच्या एका दातापायी आम्ही किती दिवस जीव मुठीत धरून काढले, ते आता सांगितलं तर आमच्याच पोरांना हसू येतं. येऊ दे. त्यांनी ते दिवस पाहिले नाहीत.

हे म्हणजे माझे मिस्टर. दिवसा मिलमध्ये सूतखात्यात, आणि लग्नसराई आली की वस्तीतल्या बँडमध्ये. मिल पोटासाठी होती, बँड जिवासाठी. क्लॅरिनेट वाजवायचे. बँडमधली माणसं त्याला किलारनेट म्हणत, आणि मीही लग्नानंतर बरीच वर्षं तेच म्हणायची. ढोल-ताशे बडवणारे वस्तीत पुष्कळ, पण गाण्याची पहिली ओळ उचलायची ती ह्यांनीच, मग मागून सगळे येणार. नवी नवी सासरी आली तेव्हा मला वाटलं, काय बाप्पा हा माणूस, रोज संध्याकाळी नळी तोंडात घालून बसतो. पुढे समजलं की ह्यांना धड रागावता येत नाही, रडता तर येतच नाही. जे काही असेल ते त्या नळीतून बाहेर पडतं. मिलमध्ये काही बिनसलं की मला ते वाजवण्यावरून कळायचं, आणि मी त्या दिवशी भाजीत मीठ जपून टाकायची.

ही नळी धरायची कशी, ते सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडलं होतं. तिचं तोंड चपटं, चोचीसारखं असतं. खालून तिला ओठाचा आधार, आणि वरून समोरचे दोन मोठे दात तिच्यावर टेकलेले. दात नीट टेकले नाहीत तर नळी तोंडात डुलते, हवा बाजूनं सटकते आणि सुराचा सत्यानाश होतो. दात घसरू नयेत म्हणून आमच्या बँडवाल्यांनी चोचीच्या वरच्या अंगाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोल्यूशननं चिकटवलेला असायचा. वाजवून वाजवून त्या रबरावर दातांचे दोन खळगे पडत. मी नळी पुसायला घेतली की माझा अंगठा आपोआप त्या खळग्यांवर जायचा. माझ्या नवऱ्याचे दात मी असे बोटांनी ओळखत होती.

काटोलकडच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडचं लग्न होतं. वरात रंगात आलेली, आणि नवरदेवाचा एक मित्र ह्यांच्या पुढ्यात खाली बसून बसून नाचत होता. नाचता नाचता तो एकदम उसळून उभा राहिला, त्याचं डोकं नळीच्या खालच्या भोंग्यावर आपटलं, आणि नळी खाडकन वर दातांत. सकाळच्या बसनं हे घरी आले ते तोंडावर रुमाल धरून. रुमाल काढला तर समोरचा उजवा दात अर्ध्याहून जास्त तिरका तुटलेला.

मला इतका राग आला की मी आधी दाताचं विचारलंच नाही. त्या पोट्ट्याच्या डोक्याले काय झालं, ते विचारलं. हे रुमालातूनच म्हणाले, त्याले काय होते, तो नाचूनच राहिला होता.

सूज उतरल्यावर ह्यांनी नळी तोंडाला लावून पाहिली. मी आत कणीक मळत होती. नुसती हवा सूं सूं करत होती, मधेच एखादा सूर निघायचा आणि लगेच घसरायचा. थोड्या वेळानं तेही थांबलं. मी बाहेर आली नाही, कणीकच मळत राहिली.

बँडमध्ये एक रीत होती. फुंकणाऱ्या माणसाचे दात गेले की त्याच्या हाती झांजा द्यायच्या. माणूस जुना, त्याला काढून कसं टाकणार? पण झांजा वाजवणारा मागच्या रांगेत चालतो आणि गाणं कोणतं लागलंय याच्याशी त्याचा काही संबंध उरत नाही. आमच्या बँडचे मास्तरच पूर्वी कॉर्नेट, ते तुतारीसारखं पितळी वाद्य, वाजवत. त्यांचे दात गेले, कवळी बसवली, पण कवळीवर जोर येईना. त्यांनीही काही वर्षं झांजा बडवल्या, मग म्हातारपणी मास्तरकी आली. तेच मास्तर आमच्याकडे चहाला आले. भला माणूस, पण भल्या माणसानं सांगितलं म्हणून गोष्ट काही गोड होत नाही. ते म्हणाले, सराई तोंडावर आली आहे, किलारनेटला कामठीचा एक जण यायला तयार आहे, पण तुमच्या साळीच्या लग्नापर्यंत मी थांबतो. त्या लग्नात पाहू. जमलं तर किलारनेट तुमचं, नाही जमलं तर मग... आणि त्यांनी पुढचं बोलण्याऐवजी बशीतला चहा पिऊन टाकला.

साळी म्हणजे माझी धाकटी बहीण. कुहीकडे माझं माहेर. जावयाचा बँड म्हणून माझ्या वडिलांनी हौसेनं हाच बँड ठरवला होता. म्हणजे ह्यांच्या हाती झांजा येणार की नाही, हे ठरणार होतं सगळ्या सासुरवाडीसमोर.

आधी एका डॉक्टरांनी सांगितलं, दात काढा आणि खोट्या दाताची प्लेट लावा. प्लेट म्हटल्यावर ह्यांना मास्तर दिसले असावेत, कारण हे खुर्चीवरून उठून सरळ बाहेर. मग कोणीतरी बर्डीच्या बाजारातल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी दात पाहिला आणि म्हणाल्या, मूळ पक्कं आहे, काढायची गरज नाही. एक नवा मसाला निघाला आहे, दाताच्याच रंगाचा. लोण्यासारखा मऊ असतो, त्याचा दात घडवायचा आणि निळ्या उजेडाखाली धरला की तो दगडासारखा घट्ट होतो. हे खुश झाले. बाई म्हणाल्या, थांबा. नुसत्या मसाल्याचा दात जेवायला ठीक, पण समोरून जोर आला की त्याचा टवका उडतो. तुमचं काम जोराचं. म्हणून त्याच्या पोटात मी काचेचं सूत घालणार आहे.

काचेचं सूत! मी आयुष्यात सूत सोडून दुसरं पाहिलं काय? सासऱ्यांच्या मागाला मी कांड्या भरून दिलेल्या, हे सूतखात्यात. बाईंनी एका पुडीतून पांढऱ्या चकचकीत तंतूंची बारीकशी बट काढली आणि माझा हात आपसूक पुढे गेला. बाईंनी तो अडवला. बोटांचं तेल लागलं तर मसाला त्याला धरणार नाही, म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं की मसाल्याला चीर पडली तरी ती चालत चालत सुतापाशी येते आणि तिथं अडते. सूत तिला पुढे जाऊ देत नाही. मला माहेरची भिंत आठवली. धानाचा मुलूख आमचा, भिंतीची माती तुडवताना तिच्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकायचे. बिनतणशीची भिंत वाळली की तडकली म्हणून समजा. मी ते बोलून दाखवलं तर बाई म्हणाल्या, तेच ते. मला जरा धीर आला.

पण मी विचारलं, टिकेल ना? तेव्हा त्यांनी हातातलं अवजार खाली ठेवलं.

"भाकरी चावण्याचं मी सांगू शकते," त्या म्हणाल्या. "या वाद्याचं मला सांगता येणार नाही. अशा दातावर कोणी वाजवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. एक लक्षात ठेवा, भार दोन्ही दातांवर सारखा येऊ द्या. एकट्यावर टाकू नका."

खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला त्या वेळी वाटलं. ह्यांना खुर्चीवर आडवं केलं, तुटलेल्या दाताला आंबट काहीतरी लावून धुतलं, मग मसाला, मग सूत, पुन्हा मसाला. निळा उजेड लागला तेव्हा बाईंनी आम्हाला डोळे मिटायला लावले. डोळे उघडले तर ह्यांच्या तोंडात दात. अगदी शेजारच्यासारखा, फक्त जरा जास्तच पांढरा. हे आरशात पाहून हसले, आणि लगेच ओठ मिटून घेतले, जसं काही हसण्यानंही तो पडेल.

तिथून पुढे घराचा दवाखाना झाला. ऊस घरात आणायचा नाही. फुटाणे बंद, सुपारी बंद. भाकरी वरणात चुरून, पोळी दुधात कुस्करून. हे चिडायचे, म्हणायचे, मी काय पाळण्यात आहो का, पण खायचे मुकाट्यानं. जीभ सारखी त्या दाताच्या मागे फिरायची. एकदा जेवताना भातात कट्टकन आवाज झाला. ह्यांचा घास तोंडातच राहिला आणि माझा हात परातीतच. दोघं एकमेकांकडे पाहत बसलो. मग ह्यांनी हळूच बोट घालून खडा बाहेर काढला. खडाच होता. मी मेली अशी घाबरली होती की मला तिथंच हुंदका आला. त्यानंतर मी तांदूळ निवडायला बसली की दुपार संपायची.

सराव सुरू झाला. सूर परत आले, पण भीत भीत. पूर्वी हे गाणं उचलायचे तर शेजारची बाई हातातलं काम टाकून दारात यायची. आता तसं होईना. एक दिवस मी नळी पुसायला घेतली. दात बसवल्यावर ह्यांनी चोचीवर ट्यूबचा नवा तुकडा लावला होता. माझा अंगठा सवयीनं तिथं गेला आणि थांबला. खळगा एकच. तोही मध्ये नाही, एका कडेला सरकलेला. मी उजेडात नेऊन पाहिलं. उजव्या दाताची खूणच नव्हती. म्हणजे ह्यांनी नळी बाजूला सरकवून सगळा भार डाव्या, आपल्या अस्सल दातावर घेतला होता. नवा दात नुसता शोभेला.

मी विचारलं, "अजी, डॉक्टरीणबाईंनं काय सांगतलं होतं?"

हे माझ्यावर कधी ओरडत नसत. त्या दिवशी ओरडले. "काच हाये वं तो! तुटला त मंग झांजा तू वाजवशीन का?"

मी नळी पुसून ठेवून दिली. खरं सांगू का, मलाही मनातून तेच बरं वाटलं. जो दात जन्माबरोबर आला, त्याचा भरवसा. बाजारातून आणलेल्याचा कसा धरायचा? आम्ही दोघंही त्या नव्या दाताला घरी आलेल्या मोठ्या पाहुण्यासारखं वागवत होतो, आणि घरचा दात बिचारा राबत होता. त्याच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

लग्नाला आम्ही एसटीनं गेलो. माझे वडील आदल्या दिवसापासून एकच धरून बसले होते, बँड जावयाचा म्हणून ठरवला खरा, पण जावयानं स्वतः पाहुण्यासारखं खुर्चीवर बसावं, वरातीत वाजवत फिरू नये. नात्यातल्या बायकांनीही मला सोडलं नाही. एक म्हणाली, काय वं, तुह्या नवऱ्याले आहेर करावा का सुपारी द्यावी? मी हसली. एरवी मी तिला चांगलं तोडीस तोड ऐकवलं असतं, पण माझं सगळं लक्ष ह्यांच्या दाताकडे होतं.

नवरदेवाचा जानोसा, म्हणजे वऱ्हाडाचा उतारा, शाळेत होता. तिथून मांडवापर्यंत गावचा सरळ रस्ता. मी मुलीची बहीण, मी खरं तर मांडवाच्या तोंडाशी फुलं घेऊन उभं राहायचं. पण ताशा वाजू लागला आणि माझ्यानं राहवेना. फुलांची परडी दुसरीच्या हाती देऊन मी शाळेकडे निघाली, आणि वरातीच्या कडेकडेनं बँडबरोबर चालू लागली. लग्नासाठी नेसलेलं पांढरं लुगडं धुळीनं भरलं. मास्तर पुढे चालत होते आणि दर थोड्या वेळानं मान वळवून ह्यांच्याकडे पाहत होते. मागच्या रांगेत झांजा घेतलेला माणूस होता. मी त्याच्याकडे पाहायचं टाळत होती.

पहिलं गाणं गेलं. बरं गेलं, फार नाही. दुसरं जोराचं होतं. पोट्टे नाचायला लागले तसे हे त्यांच्यापासून दोन हात लांब सरकले, आणि सूर वर न्यायला लागले. वर, अजून वर. आणि मधेच सूर तुटला. ढोल-ताशे चालूच होते, पण नळी बंद. ह्यांनी तोंड फिरवलं, तळहातावर काहीतरी थुंकलं, आणि तिथंच उभे राहिले.

गेला, मला वाटलं. गेला तो दात, गेलं ते काचेचं सूत, गेलं सगळं. मास्तर थांबले होते. मी नाचणाऱ्या पोट्ट्यांना ढकलत ह्यांच्यापर्यंत गेली. हे तळहाताकडे पाहत होते. तळहातावर दाताचा पांढरा तुकडा. मग ह्यांनी तोंडात जीभ फिरवली, एकदा, पुन्हा एकदा, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही त्यांना कोणी भर रस्त्यात फसवलं.

"हा त आपला होता वं," हे म्हणाले.

मी त्यांच्या तोंडात पाहिलं. उजवीकडचा, जरा जास्तच पांढरा, जिथल्या तिथं. डावा अर्धा.

लोक पाहत होते. मास्तरांची मान मागच्या रांगेकडे वळायच्या बेतात होती. मला कुठून बळ आलं कोण जाणे. मी म्हणाली, "मंग दुसरा हाये नं जी. त्याच्यावर वाजवा."

"तुटन तो."

"तुटू द्या."

हे शब्द माझ्या तोंडून निघाले, आणि माझं मलाच नवल वाटलं. ज्या दातासाठी मी इतके दिवस तांदळातला खडा न् खडा वेचला, त्याच्याविषयी मी भर वरातीत असं बोलली. ह्यांनी तुकडा माझ्या हातात दिला. नळी वर केली, इकडून तिकडे सरकवली, आणि तो डॉक्टरीणबाईंचा दात पहिल्यांदा रबरावर टेकवला. पहिला सूर फाटला. दुसरा धरला. तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटून घेतले आणि गाण्याची ओळ उचलली, आणि मागून सगळा बँड त्या ओळीवर आला.

मी मुठीत तो तुकडा धरून त्यांच्या वरच्या ओठाकडे पाहत चालत होती. गाणं कोणतं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. मला ते ऐकूच आलं नाही. मी फक्त कट्ट असा आवाज येतो का, तेवढं ऐकत होती. मांडव आला. तो आवाज काही आला नाही. मास्तरांनी हात वर करून आणखी एक गाणं घ्यायला लावलं, आणि हे तेही वाजवून गेले. मांडवात बुद्धवंदना सुरू झाली, बँड थांबला, तेव्हा हे मांडवाच्या बाहेर जमिनीवरच बसले. नळी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मास्तर जवळ आले. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून झांजावाल्याबरोबर पाणी प्यायला निघून गेले.

पुढे बाईंनी तो तुकडा पाहिला आणि सांगितलं की त्या पोट्ट्याच्या डोक्याचा मार दोन्ही दातांना बसला असणार. एक तुटला म्हणून दिसला. दुसऱ्याला केसासारखी चीर गेली असेल, ती कोणाला दिसण्यासारखी नव्हती, आणि त्याच्यावर एकट्यावर भार पडत गेला. त्यांनी त्याच्याही पोटात काचेचं सूत घातलं. ती सराई ह्यांनी दोन्ही दातांवर वाजवली, त्याच्या पुढचीही, आणि कामठीचा माणूस आमच्या बँडमध्ये आला तो कॉर्नेट वाजवायला.

पण हे नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी परतीच्या बसमध्ये ह्यांनी नळी पुसायला माझ्या हाती दिली. मी पदरानं पुसता पुसता अंगठा रबरावर नेला. कडेला तो जुना खोल खळगा होता. आणि त्याच्या बाजूला, जिथं इतके दिवस रबर कोरं होतं, तिथं एक नवी खूण. ताजी, अजून ओलसर. मी त्या खुणेवर अंगठा ठेवला आणि मला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं सगळं एकदम आलं. बसमधल्या बायका वळून वळून पाहत होत्या, मला काही आवरेना.

हे खिडकीतून बाहेर पाहत होते. वळले, माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि त्या अर्ध्या दातानं हसले.

"पाह्य बरं," हे म्हणाले. "दात माहा तुटला, अन् रडून तू राहिली."